राईत गेलेले लोखंड

मंगळवार, १६ मार्च १९५४. सकाळी साडेसात वाजता चामटोलीच्या राईतले सात नंबरचे झाड पडले. ते जांभळाचे होते. मग आठ नंबरचे पडले, मग नऊचे. नऊ वाजेपर्यंत सतरा नंबरपर्यंतची अकरा झाडे आडवी झाली होती आणि अठरा नंबरच्या उंबरावर कुऱ्हाडीचे दोन घाव बसले होते. तिसरा बसला नाही, कारण विठाबाई उंबराला पाठ लावून उभी राहिली.

कुऱ्हाडींचा आवाज गावाला पहाटेपासून येत होता. पण राईच्या वरच्या उतारावर, मालकीच्या रानात, पंधरा दिवस तोडणी चालूच होती. आवाज उतारावरून येतो की राईतून, हे कान देऊन ऐकावे असे कुणाला वाटले नाही. विठाबाई राईत आली ती मंगळवारचा दिवा लावायला. राईची देवी जाकमाता, तिच्या दगडापुढे दिवा लावायचे काम तिच्या सासरच्या घराकडे होते.

दिनानाथ चित्रे यांना बातमी कळली ती बदलापूर स्टेशनच्या रस्त्यावर, सव्वाआठला. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढत. सायकल पानवाल्याकडे लावून ते गाडीकडे निघाले होते, तेवढ्यात चामटोलीहून दूध घेऊन येणाऱ्या बाळाजी गवळ्याने हाक मारली.

"साहेब, तुमच्या झाडांचा नंबर लागला!"

दिनानाथना तो विनोद वाटला. ते हसले. बाळाजी हसला नाही.

"खरंच लागला. सात नंबर पडताना मी बघितला. तुम्ही घातलेला सात."

त्यांनी पानवाल्याकडून सायकल परत घेतली.

दिनानाथ हे बदलापूर परिसर वृक्ष-जल संरक्षक मंडळाचे चिटणीस. मंडळात माणसे सात. अध्यक्ष अण्णा हे निवृत्त पोस्टमास्तर, वृंदाताई शाळेत शिक्षिका, बाकीचे कुणी हपीसात, कुणी कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी मंडळाची रीतसर नोंदणी झाली, तेव्हा नोंदणीचा क्रमांक आलेले पत्र दिनानाथनी काच लावून भिंतीवर टांगले. उल्हासनगरच्या छावण्यांत निर्वासित माणसे येऊन पाच-सहा वर्षे झाली होती. एवढ्या चुली पेटवायच्या तर लाकूड कुठून तरी यायलाच हवे होते, आणि ते जवळच्या डोंगरांवरून येत होते. मंडळात याबद्दल कुणाचा राग नव्हता. दिनानाथच्या स्वतःच्या घरचे जळणही कॅम्प नंबर तीनच्या वखारीतूनच येई. मंडळाचे म्हणणे एवढेच होते की ज्या झाडांच्या मुळाशी पाणी आहे ती झाडे सोडा.

चामटोलीच्या राईखाली पाणी होते. उंबराच्या मुळाशी झरा आणि त्याच्यापुढे दगडी टाके. मे महिन्यात गावच्या विहिरी आटल्या की चाळीस घरे याच टाक्यावर पावसाळ्यापर्यंत काढत. उताराच्या मालकाने जेव्हा रान ठेकेदाराला तोडायला दिले तेव्हा मंडळाने अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि राई तोडणीतून वगळल्याचे पत्र मिळवले. हे मंडळाचे पहिले यश. मात्र उतार कुठे संपतो आणि राई कुठे सुरू होते, हे त्या पत्रात नव्हते. मोजणीदार यायला वर्ष लागेल, असे सांगण्यात आले.

म्हणून १४ फेब्रुवारीच्या रविवारी दिनानाथ पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन राईत गेले. कारखान्यात ज्या वस्तूला नंबर असतो ती हरवत नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. रंग खडबडीत सालीवर बसेना. बदलापूरच्या बाजारातून ते नवा कोयता घेऊन आले होते. त्याने प्रत्येक झाडाची छातीच्या उंचीवर वीतभर साल तासली आणि गुळगुळीत झालेल्या जागेवर आकडा घातला. एक ते त्रेचाळीस, सगळे आकडे एका उंचीचे, छापल्यासारखे.

तेव्हा विठाबाई राईच्या हद्दीवर उभी होती.

"साहेब, आत लोखंड नाय नेत आमी."

"अहो, हे झाडं वाचवायलाच आहे."

"असंल. पर कोयता हाय ना त्यो."

"मावशी, दोन तासांचं काम आहे. तुमच्या देवीला मी सांगतो."

"सांगा की," विठाबाई म्हणाली. "तिला मराठी येतं."

यावर दिनानाथ मनापासून हसले होते. ती वाटेतून बाजूला झाली. मंडळाचे साहेब लोक, गावासाठी चार वेळा कचेरीत जाऊन आलेले. त्यांना अडवायचे कसे, हे गावातल्या कुणालाच सुचले नाही.

सव्वानऊला दिनानाथ राईत पोहोचले. वरून ऊन थेट जमिनीवर पडले होते, आणि ती जमीन त्यांनी उन्हात कधी पाहिलीच नव्हती. उंबराच्या दोन घावांतून पांढरा चीक खाली उतरत होता आणि विठाबाईच्या पदराला लागला होता. ती हलली नव्हती. समोर सोळा कातकरी कुऱ्हाडी जमिनीला टेकून बसले होते, आणि ठेकेदाराचा मुकादम धर्मराज बिडी ओढत होता.

"ही राई आहे. वगळलेली आहे. पत्र आहे आमच्याकडे," दिनानाथ म्हणाले.

"असंल ना साहेब. पण नंबर आहे ना झाडावर."

"नंबर आम्ही टाकलेत! झाडं ठेवायची म्हणून!"

धर्मराजने बिडी तोंडातून काढली. "ठेवायची म्हणून? साहेब, बावीस वर्षं जंगलात काढली मी. फारेष्टवाला येतो, साल तासतो, हातोडा मारतो, नंबर टाकतो. कशाला? तोडायला. ठेवायच्या झाडाला कधी कोण नंबर टाकतं काय?"

दिनानाथनी ठेकेदाराच्या परवान्याची नक्कल शब्दन्शब्द वाचली होती. परवान्यावर तोडणी कशी होते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. राईपासून शंभर पावलांवर, उतारावर, साल तासलेली दोनशे झाडे नंबर घालून उभी होती. तिकडे ते कधी चढलेच नव्हते.

"त्यांचा नंबर डांबराचा असतो. काळा. हा पांढरा आहे," ते म्हणाले.

"डांबर संपलं असंल, म्हटलं."

कातकऱ्यांपैकी एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"याला ठाव व्हतं," विठाबाई उंबरापासून न हलता, धर्मराजकडे बोट करून म्हणाली. "याला समदं ठाव व्हतं."

"मावशी, देवीची शप्पत..."

"तिचं नाव तू घेऊ नको."

दिनानाथ कुऱ्हाडवाल्यांकडे वळले. त्यांच्यात आनंदा नावाचा पुढारी होता, चाळिशीचा, चामटोलीच्याच वाडीवरचा. या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होते.

"आनंदा, तू तर इथलाच. तुला नंबर वाचता येत नसेल, पण राई तर कळते?"

"कळतं ना."

"मग?"

आनंदाने पडलेल्या जांभळाकडे पाहिले. "मुकादम बोलला राईतली घ्या, तर आमी नाय बोललो. दोनदा नाय बोललो. मंग त्यानं दाखवलं. साल तासलेली. लोखंड लागलेलं झाडाला. आमाला वाटलं, गावानं कौल घेतला. देवीनं दिली झाडं. कौलाबिगर इथं कोण कोयता आणील, साहेब? तुमचं लोखंड आधी गेलं. मंग आमचं."

दिनानाथ वनखात्याला कळवायला निघाले.

दुपारी वनखात्याचा अधिकारी आला. त्याने पंचनामा केला, राईतली आणि राईलगतची तोडणी चौकशी होईपर्यंत बंद केली, पडलेले ओंडके जागच्या जागी ठेवायला सांगितले. उभ्या बत्तीस झाडांवरचे नंबर हा पुरावा आहे, ते पुसू नयेत, असाही लेखी हुकूम दिला. मंडळाच्या चिटणिसांनी आठ दिवसांत जबाब द्यावा: राईतील खुणा कोणी, केव्हा व कशासाठी केल्या.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात मंडळाची बैठक भरली. मोठी माणसे पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली. दिनानाथनी सगळे सांगितले, कोयत्यासकट.

अण्णांनी चष्मा पुसला. "दिनू, खोटं लिही असं मी म्हणणार नाही. कमी लिही."

"तारेसारखं?" वृंदाताई म्हणाल्या. "शब्द मोजून?"

"वृंदा, थट्टा नको. नीट ऐक. खुणा आम्ही केल्या असं यानं लिहिलं, की ठेकेदार म्हणणार, तुमच्याच खुणा बघून तोडलं, माझा काय दोष? तो सुटला की बंदी उठली. हद्द अजून मोजलेली नाही. उरलेली बत्तीस त्याच्या तोंडाशी आहेत. आणि नुसतं 'झाडांवर पांढऱ्या खुणा होत्या' एवढंच लिहिलं, तर तो ठेकेदार शोधत बसेल खुणा कुणाच्या ते. तोवर पावसाळा येतो. पावसाळ्यात तोडणी नाही. पुढच्या साली मोजणी होते. झाडं वाचतात."

"शोधायला फार लांब जावं लागणार नाही," वृंदाताई म्हणाल्या. "दिनानाथरावांचा चारचा आकडा अंबरनाथमध्ये कुणीही ओळखेल. आणि धर्मराजला यांनी तिथेच सांगितलंय, नंबर आमचे म्हणून."

"मुकादमाच्या तोंडी बोलण्याला कागद नाही."

आता दिनानाथनी आणखी एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारीत नंबर घालताना राईबाहेरच्या वाटेवर छत्रीवाला एक माणूस थांबला होता. त्याने विचारले, कसले नंबर? दिनानाथ म्हणाले, ही झाडे मंडळाची, तोडायची नाहीत. माणूस निघून गेला. तो धर्मराज असू शकेल.

अण्णा बाकावरून उठले. "मग संपलंच की! त्याला माहीत होतं! हे लिही आधी!"

"पण चेहरा मी पाहिला नाही, अण्णा. मी आकडा काढत होतो."

"अंगानं कसा होता?"

"छत्री होती."

"अरे, छत्री होती काय! धर्मराजकडे छत्री आहे?"

"बदलापुरात सगळ्यांकडे आहे," वृंदाताई म्हणाल्या.

निर्णय झाला नाही. जबाबावर सही चिटणिसाची होती, तेव्हा चिटणिसाने ठरवावे, असे इतिवृत्तात लिहिले गेले. इतिवृत्तही दिनानाथच लिहीत.

रविवारी, २१ मार्चला, गावाने राईत कौल लावला. दिनानाथना बोलावणे होते. हद्दीवर विठाबाईने त्यांना थांबवले.

"खिसं रिकामं करा."

त्यांनी किल्ल्या काढल्या, चाकू काढला, पेन काढले.

"घड्याळ."

त्यांनी घड्याळ काढले.

"पट्टा बी. त्याला बक्कल हाय."

दिनानाथ मंडळाच्या वतीने एका हाताने पँट धरून राईत गेले. बायका पदराआड हसल्या. विठाबाई हसली नाही, पण तिने वाटेतली एक फांदी त्यांच्यासाठी बाजूला धरली.

गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने जाकमातेच्या दगडाला दोन ओली फुले चिकटवली. पहिला प्रश्न: झाडांच्या अंगावरचे आकडे आणि जखमा झाकाव्यात का? उजवे फूल पडले. झाकाव्यात. मग नवे फूल लावून दुसरा प्रश्न केला: आत लोखंड आले त्याचा दोष सरला का? ते फूल पडेना. लोक दुपारपर्यंत बसले. ऊन दगडावर आले, फूल सुकले, तिथेच चिकटून राहिले. पुजारी म्हणाला, देवी अजून विचारात आहे, आणि माणसे जेवायला गेली.

"उद्या आकडं लिंपतो," विठाबाईने दिनानाथना सांगितले. "शेण न् माती. खरवडायचं नाय, नुसतं झाकायचं."

"मावशी, हुकूम आहे. आकडे पुरावा आहेत. ते झाकले तर कोणती झाडं होती, कुठं होती, हे कचेरीला कळणार कसं? उद्या तो ठेकेदार म्हणेल, इथं बत्तीस नव्हतीच, वीसच होती."

"मंग काय, तशीच उघडी ठेवू? पुन्ना कोणी येईल, बगल, बोलल नंबर हाय." तिने उंबराच्या घावाकडे हात केला. "ह्यो गेला तर झरा ऱ्हाईल, सांगा तुमी. कागदावर सांगा."

हे तिचे म्हणणे दिनानाथना खोडता येईना. अण्णांचे म्हणणेही त्यांना खोडता आले नव्हते. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. विठाबाईने ते दिले.

त्या दिवशी उरलेला वेळ आणि सोमवारी रजा टाकून पूर्ण दिवस दिनानाथ राईत होते. पोलादी टेप नेता येत नव्हता, म्हणून काथ्याच्या दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारून त्यांनी माप केले. गोदू नावाची विठाबाईची सून दोरीचे दुसरे टोक धरायला होती. पेन्सिलीने त्यांनी प्रत्येक झाडाची जागा, जात आणि घेर कागदावर घेतला, तुटलेल्या अकरांचीसुद्धा, बुंध्यावरून. घरी बसून नकाशा शाईने पक्का केला. त्रेचाळीस वर्तुळे. उभी असलेली पोकळ, पडलेली काळी. अठरा नंबरचे त्यांनी आधी अर्धे काळे केले, मग ते खरवडून पोकळ ठेवले.

मंगळवारी बायकांनी बत्तीस झाडांवर शेणमाती लिंपली. दिनानाथ कामावर होते. उंबराचे दोन घाव मात्र विठाबाईने स्वतः लिंपले, असे बाळाजीने दुसऱ्या दिवशी सांगितले.

बुधवारी, २४ मार्चला, दिनानाथनी जबाब दिला. त्यात लिहिले होते:

"राईतील त्रेचाळीस झाडांची साल मी स्वतः कोयत्याने तासली व त्यावर क्रमांक घातले. हेतू झाडे राखण्याचा होता. राईत लोखंड न नेण्याची गावाची चाल आहे. ती मला आधी सांगण्यात आली होती. मी ती मानली नाही. तोडणाऱ्यांनी माझ्या खुणांवरून गावाची संमती गृहीत धरली, असे त्यांचे म्हणणे असून मला ते खरे वाटते. मुकादमास राई वगळल्याचे माहीत होते किंवा कसे, हे मी सांगू शकत नाही. क्रमांक आता गावाने झाकले आहेत. त्याची जबाबदारी माझी आहे. सोबत नकाशा जोडला आहे."

छत्रीवाल्याचा उल्लेख त्यात नव्हता.

अण्णांनी नक्कल वाचली आणि घडी घालून परत दिली. "पस्तीस वर्षांत मी एवढी लांब तार कुणाची पाठवली नाही," ते म्हणाले. पुढच्या बैठकीला ते आले, पण दिनानाथशी बोलले ते अध्यक्ष म्हणून, 'चिटणीस' असे संबोधून.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद आले. पहिला मंडळाला: पुराव्यात फेरफार का केला याचा खुलासा करावा. दुसरा ठेकेदाराच्या अर्जाची नक्कल: चिटणिसाच्या कबुलीवरून आमचा दोष नसल्याचे सिद्ध होते, सबब बंदी उठवावी. सुनावणी २० एप्रिलला ठेवली होती. त्या दिवशी अधिकारी दौऱ्यावर होता. मग ११ मे. त्या दिवशी नकाशा खरा आहे का हे पाहायला मोजणीदार लागेल असे ठरले, आणि दिनानाथच्या नकाशावर कचेरीने आपला क्रमांक घालून तो ठेवून घेतला.

मध्यंतरी उन्हाने ओंडके तडकू लागले. लाकूड वाया जाते म्हणून ते हलवून डेपोत ठेवावे, असा वेगळा हुकूम २६ मेला निघाला. उचलायला आनंदाच्या माणसांना बोलावले. त्यांनी राईबाहेरचे कोणतेही काम सांगा, म्हणून निरोप पाठवला.

शुक्रवारी, २८ मेला, सकाळी दहाच्या सुमारास बाहेरगावच्या दोन बैलगाड्या आल्या. त्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा होत्या. हद्दीवर विठाबाई बसली होती. ती उठली नाही आणि तिने वाटही अडवली नाही. तिने फक्त धावांकडे बोट दाखवले. गाडीवानांनी आपसात बोलणे केले, मग बैल सोडून सावलीत बांधले. धर्मराज दुपारी येऊन गेला. त्याने गाडीवानांना काय सांगितले ते कुणी ऐकले नाही.

शनिवारी संध्याकाळी दिनानाथ सायकलने गेले तेव्हा गाड्या हद्दीबाहेरच होत्या, जू जमिनीला टेकलेले. त्यांनी खिसे रिकामे केले, पट्टा काढला आणि आत गेले. विठाबाई टाक्यात काठी उभी धरून पाणी बघत होती. काठीला तिने मापासाठी दोरे बांधले होते. गेल्या साली याच दिवसांत पाणी तळापासून पाचव्या दोऱ्याला होते. आता ते चौथ्याच्या थोडे वर आहे.

उंबर उभा आहे. दोष सरला का, असे पुन्हा विचारून जाकमातेच्या दगडावर तिसऱ्यांदा लावलेले फूल अजून पडलेले नाही. पुढची सुनावणी सोमवारी, १४ जूनला आहे.